लेकीला मिसुरीत जंगली टर्की मिळाली आहे, कशी शिजवायची?

गंगापूर रोडकर

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे, पण मटण-कोंबडीवर मनापासून बोलणारी माणसं इथे आहेत, म्हणून इथेच विचारतो.

माझी मुलगी अमेरिकेत मिसुरी राज्यात कोलंबियाला राहते. शेजारी एक साठी उलटलेले गृहस्थ आहेत, दर वर्षी एप्रिल-मेमध्ये टर्कीच्या शिकारीला जातात. रीतसर परवाना काढून. परवा त्यांनी हिच्या हातात दोन मोठी पाकिटं आणून ठेवली. एकात छातीचे दोन मोठे तुकडे, प्रत्येकी किलोच्या आसपास. दुसऱ्यात दोन अख्ख्या तंगड्या. पाकिटावर त्यांचं नाव, पत्ता, परवान्याचा नंबर, मारल्याची तारीख, सगळं मार्करने लिहिलेलं. व्हिडिओ कॉलवर तिने दाखवलं तेव्हा तंगडीचं मांस इतकं गडद दिसत होतं की मला आधी मटणच वाटलं.

आमच्या घरी रविवारचं मटण मी करतो. आईने शिकवलेला काळ्या मसाल्याचा रस्सा, तो मुलीच्या जिभेवर बसलेला आहे. ती म्हणाली, "बाबा, तुमचा रस्सा यावर चालेल का?" आणि मला उत्तर देता आलं नाही. मी आयुष्यात टर्की खाल्लेली नाही, हात लावणं तर दूरच. नेटवर बघितलं तर सगळीकडे अख्खा पक्षी ओव्हनमध्ये भाजायचं. तिला ते नको आहे. तिला घरचं हवं आहे, आणि त्या शेजाऱ्यांना जेवायलाही बोलवायचं आहे.

कुकर चालेल का, किती वेळ लावायचा, उग्र वास येतो का, हे सांगा. आणि मांसात बंदुकीचे छर्रे राहतात म्हणे. नात चार वर्षांची आहे, त्यामुळे त्याची मला जास्त काळजी वाटते आहे.

सातपूरचा खवय्या

काका, टर्की म्हणजे मोठी कोंबडीच. आलं-लसूण लावा, चार शिट्ट्या काढा, वरून वाटण घाला. झालं.

शाळेतल्या बाई

भाऊ, थांबा. छातीच्या मांसाला चार शिट्ट्या लावू नका. लेकीला आजच फोन करून सांगा.

ही चूक मी केलेली आहे. २०१९ साली सूनबाईच्या बाळंतपणासाठी मी मुलाकडे विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला सहा महिने होते. मे महिन्यात मुलाच्या ऑफिसातल्या एकाने अशीच जंगली टर्की आणून दिली. मी जन्मभर गावरान कोंबडा केलेला, आधी सिन्नरला चुलीवर आणि नोकरीत मखमलाबादला आल्यावर गॅसवर. म्हटलं, यात काय अवघड आहे. छाती, तंगडी सगळे तुकडे एकत्र करून कुकरला लावले. रस्सा उत्तम झाला, तर्रीही छान आली. पण छातीचा तुकडा तोंडात घातला तर सुतळी चघळल्यासारखा. मुलगा काही बोलला नाही. भाकरी कुस्करून रस्सा जेवला आणि तुकडे ताटाच्या कडेला सारून ठेवले. ते ताट उचलताना मला फार वाईट वाटलं. एका माणसाने पहाटे चारला उठून, थंडीत झाडाच्या बुंध्याला टेकून, हूं की चूं न करता तासन् तास बसून तो पक्षी आणलेला. एक जीव गेलेला. आणि माझ्या हातून तो खरकट्यात गेला.

म्हणून मी मुलाला घेऊन त्या माणसाच्या घरीच गेले आणि त्याला सगळं विचारलं. मुलगा मधे दुभाष्या. त्यानंतर त्या मुक्कामात आणखी दोनदा टर्की केली, आणि २०२३ ला गेले तेव्हा पुन्हा. आता बोलते ते त्या अनुभवावरून.

पहिली गोष्ट, हा पक्षी वयाने मोठा असतो. वसंतातल्या शिकारीत तिथे नर किंवा दाढीवाला पक्षीच मारायची मुभा असते. दाढी म्हणजे छातीवर लोंबणारा काळा, घोड्याच्या केसांसारखा राठ झुपका. तो बहुतेक नरालाच असतो. आठ-दहा किलोचा, दोन-तीन वर्षांचा नर. दुकानात मिळणारी पाळीव टर्की चार-पाच महिन्यांतच कापलेली असते. म्हणजे आपल्याकडे ब्रॉयलर आणि दोन वर्षं उकिरडा उकरलेला गावरान कोंबडा यांच्यात जो फरक, तोच इथे, फक्त कितीतरी मोठा. जंगलातली टर्की दिवसभर चालते, ओकची फळं, बिया, किडे वेचते आणि रात्री उडून झाडावर बसते. त्यामुळे तंगडी गडद आणि चिवट. छातीवर चरबी नावालाही नाही. पाळीव पांढऱ्या टर्कीला स्वतःचं वजन उचलून झाडावर जाताच येत नाही, तिचं मांस मऊच राहणार.

तेव्हा छाती आणि तंगडी हे दोन वेगळे पदार्थ समजा. एका पातेल्यात दोन्ही घालायचं नाहीच. लेकीने एवढं एक लक्षात ठेवलं तरी बाकीचं निभावून जाईल.

छर्रे. तुमची काळजी बरोबर आहे. टर्कीला नेम डोक्यावर आणि मानेवर धरतात, त्यामुळे छातीत फार छर्रे नसतात, पण एखाद-दुसरा चुकार असू शकतो. छर्रा बाजरीच्या दाण्याएवढा असतो. मांस गार पाण्यात स्वच्छ धुऊन परातीत घ्यायचं, उजेडात धरायचं आणि बोटांच्या टोकांनी दाबत दाबत इंच न इंच चाचपायचं. जिथे मांसात बारीक, काळसर-लाल भोक दिसेल तिथे थांबायचं. मला पहिल्यांदा असंच एक भोक दिसलं, त्यातून केसासारखं काहीतरी बाहेर आलं होतं. चिमट्याने हळूच ओढलं तर पिसाचा तंतू, आणि त्याच्या टोकाशी छर्रा. छर्रा आत शिरताना पीस ओढून नेतो. म्हणून पीस दिसलं की त्याच्या मागोमाग जायचं. छर्रा काढल्यावर भोवतालचं काळवंडलेलं मांस दोन बोटं कापून टाकून द्यायचं. तिथे जीव अडकवू नये. छर्रा शिशाचा असला तर त्याचे बारीक कण आजूबाजूला उडालेले असतात, डोळ्याला दिसत नाहीत, आणि शिसं लहान मुलांना आणि पोटुशा बाईला फार वाईट. शेजाऱ्यांना सरळ विचारा, छर्रा शिशाचा वापरता की दुसऱ्या धातूचा. शिकारी माणूस याचा राग मानत नाही. आणि नातीला तिचे तुकडे तिच्या आईने हाताने मोडून मगच द्यावेत.

तंगड्या. इथे तुमचा रस्सा चालेल. नुसता चालणार नाही, शोभेल. रोजच्या चिकनवर काळा मसाला घातला की मसालाच खातो आहोत असं होतं. या मांसाला स्वतःचं अंग आहे, ते मसाल्यापुढे उभं राहतं.

तंगडी खालच्या सांध्यात मोडून दोन भाग करायचे, वरची मांडी आणि खालची नळी. नळीत पांढऱ्या काड्या असतात. ते स्नायूंचे बंध, वयानुसार हाडासारखे कडक झालेले. सुरीने काढायला जाल तर मांसाच्या चिंध्या होतील. तशाच शिजू द्यायच्या.

हळद, मीठ, आलं-लसूण लावून रात्रभर फ्रिजमध्ये मुरवायचं. दुसऱ्या दिवशी तेलात दोन कांदे लाल करून त्यात तंगड्या चांगल्या परतून घ्यायच्या, कडा तांबूस होईपर्यंत. मग बुडतील एवढं उकळतं पाणी घालायचं. गार पाणी घालू नका, तुम्ही मटणाला घालत नसाल तसंच. कुकर असेल तर पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करायची आणि घड्याळ लावून पन्नास मिनिटं. शिट्ट्या मोजत बसायचं नाही. तिथे इलेक्ट्रिक प्रेशर कुकर असतो, त्याला तासभर लावा. वेळ असेल तर मात्र जाड बुडाचं पातेलं घ्यावं, झाकणावर पाणी ठेवावं, झाकणावरचं पाणी तापलं की तेच आत घालत राहावं. साडेतीन तास लागतात. माझ्या आईने कोंबडा असाच केला, आणि खरं सांगते, पातेल्यातली चव कुकरला येत नाही.

शिजलं की आधी त्याचं अळणी पाणी बाजूला काढा. मीठ-हळदीचं, वर लसूण तरंगत असलेलं. एवढं दाट, गोडसर अळणी मी कोंबड्याचं कधी प्यायले नाही. सूनबाई बाळंतीण होती, तिला मी ते तूप-मिरी घालून वाटी वाटी दिलं. तुमच्या नातीला भातावर घालून द्या, ती तिखट रस्सा खाणार नाही.

आता काड्या. मांस कोमट झालं की नळीच्या खालच्या टोकाला काड्यांची टोकं दिसतात. एक एक चिमटीत धरून ओढली की अलगद निघून येते, जुन्या झाडूची काडी निघावी तशी. हाताला सटकली तर स्वच्छ पक्कड घ्यायची. प्रत्येक नळीतून आठ-दहा निघतात. एकही राहू द्यायची नाही, टोकदार असतात, लहान पोराच्या घशात अडकायच्या. तिथले कितीतरी शिकारी या काड्यांना कंटाळून तंगड्या टाकूनच देतात, नुसती छाती घरी नेतात. हे ऐकून माझा जीव हळहळला. सगळ्यात चवीचा भाग तोच.

वाटण तुम्हाला काय शिकवायचं. फक्त एक सांगते. खोबऱ्याची वाटी तिथे घरात गॅसवर भाजू नये म्हणावं. धूर झाला की छतावरचा अलार्म ठणाणा करतो, आणि तान्हं बाळ असलं तर सगळं घर उठतं. मी खोबरं आणि कांदा अंगणातल्या कोळशाच्या ग्रिलवर भाजला, मिरच्याही तिथेच. कांदा सालासकट ठेवायचा, बाहेरून काळा, आतून लोण्यासारखा. हे वाटण आणि दोन चमचे काळा मसाला तेलात सुटेपर्यंत परता, त्यात मांस आणि उरलेलं पाणी घाला, पंधरा मिनिटं कढ आणा. वास उग्र येत नाही. ओकची फळं खाल्लेल्या पक्ष्याच्या मांसाला थोडा शेंगदाण्यासारखा, सुक्यामेव्यासारखा वास असतो. मला तो आवडला.

छाती. इथे उलटं. कमी वेळ, कमी मसाला. लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात छातीचा तुकडा बुडवून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी काढून धुऊन कापडाने कोरडा टिपायचा. मांसाच्या रेषा कुठल्या दिशेने जातात ते नीट बघून त्यांना आडवं कापायचं, करंगळीएवढे जाड काप. रेषेच्या बाजूने कापलं तर परत सुतळीच. लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर जाडसर ठेचून त्यात हळद आणि चमचाभर तेल, हे कापांना लावून अर्धा तास. वरून मीठ नको, ते आत गेलेलं आहे. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवायचा आणि एका वेळी पाच-सहा काप, दोन मिनिटं या बाजूने, दीड-दोन त्या बाजूने. गर्दी केली तर पाणी सुटून शिजतं, भाजत नाही. वरून लिंबू. मुलाने मांसात टोचायचा थर्मामीटर आणला होता. आतलं मांस ७४ अंश सेल्सिअसला पोचलं की झालं. त्याखाली थांबू नये, आणि त्यापुढे तव्यावर ठेवू नये. हे काप मी ज्वारीच्या भाकरीबरोबर आणि कच्च्या कांद्याबरोबर वाढले, त्या दिवशी मुलाच्या ताटात काही उरलं नाही.

आणखी एक. विस्कॉन्सिनमधून जंगली टर्की पार नाहीशी झाली होती, जंगलं तुटली, शिकार अनावर झाली. १९७६ साली मिसुरीहून पक्षी आणून तिथे सोडले आणि बदल्यात विस्कॉन्सिनने ग्राउज म्हणून एक तितरासारखा पक्षी असतो तो मिसुरीला दिला. आज मॅडिसनच्या गल्ल्यांमधूनसुद्धा टर्कीचे थवे ऐटीत चालत जाताना मी बघितले आहेत. म्हणजे भाऊ, मी शिजवलेल्या टर्कीचे पूर्वज तुमच्या लेकीच्याच राज्यातले.

देवळालीकर

बाईंनी फार छान लिहिलं आहे. मी फक्त पाळीव टर्कीबद्दल सांगू शकतो. माझे वडील देवळाली कॅम्पात ऑफिसर्स मेसमध्ये स्वयंपाकी होते. डिसेंबरात नाताळला टर्की यायची, सहा-सात किलोची. आठ दिवस आधीपासून त्यांच्या डोक्यात तेच असायचं. पंचा धुऊन, उकळून ठेवलेला असायचा. मलमलीचं ते कापड पातळ केलेल्या लोण्यात भिजवून ते टर्कीच्या छातीवर पसरायचे, आणि दर अर्ध्या तासाने भट्टी उघडून खाली साचलेला रस पळीने त्या कापडावर ओतायचे. तंगडी शिजेपर्यंत छाती वाळू नये म्हणून. म्हणजे बाई म्हणतात तीच अडचण त्यांनाही होती, त्यांनी कापडाने सोडवली.

एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. वडील म्हणायचे, टर्कीला मीठ, मिरी आणि लोणी यापलीकडे काही लावलं तर तिची चव मारली जाते. जंगली टर्की तर त्याहून चवीची असणार. तिच्या तंगडीला काळा मसाला लावणं मला पटत नाही. त्या शेजाऱ्यांनाही स्वतःच्या शिकारीची चव कळली पाहिजे ना?

शाळेतल्या बाई

तुमच्या वडिलांचं कापडाचं मी वहीत लिहून घेतलं. छातीबद्दल मी तुमच्याच बाजूची आहे, म्हणून तिथे काळा मसाला घातला नाही.

तंगडीबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. मिरी-लोण्यावर मी दुसऱ्या खेपेला करून बघितली आहे, मुलाच्या मित्राच्या बायकोने सांगितलं तशी. वाईट नव्हती. पण तीन तास शिजलेल्या मांसात जो दाटपणा येतो त्याला भाजलेलं खोबरं, दगडफूल आणि लवंग जशी धरून ठेवतात तसं लोणी धरत नाही. मसाला चव मारतो तो मांस फिकं असलं तर. आपल्याकडे मटणाला कोणी म्हणत नाही की मसाल्याने चव गेली.

आणि भाऊंच्या लेकीला घरची चव हवी आहे. हजारो कोसांवर बसलेल्या पोरीला ते मिळालं पाहिजे, हाही मुद्दा आहेच.

सातपूरचा खवय्या

बाई, माझी चार शिट्ट्यांची सूचना मागे घेतो. पण एक सांगा, इतक्या लांब कशाला, आपल्या इथेही रानात तितर, लावे असतात. त्र्यंबकच्या बाजूला मिळतात असं ऐकलं आहे. तेही असंच करायचं का?

निफाडचा पक्षीवेडा

दादा, तो विचारच काढून टाका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. तितर, ससा, मोर, काहीही मारणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. कोणी चोरून विकत असेल तर घेऊ नका, आपण घेतो म्हणून तो मारतो. मी आठवड्यातून दोनदा नांदूरमध्यमेश्वरला दुर्बीण घेऊन जातो. २०२० मध्ये त्या पक्षी अभयारण्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा दर्जा, जाहीर झाला, महाराष्ट्रातली अशी ती पहिली जागा. तरी काठावर कधी कधी फासे सापडतात. फास्यात अडकून पाय सोललेला पक्षी हातात घेतला की त्या दिवशी जेवण जात नाही.

मिसुरीतल्या त्या शेजाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे हंगाम ठरलेला, संख्या ठरलेली, परवाना लागतो, आणि शिकारीचं मांस विकायला बंदी आहे, भेट देता येतं. टर्की तिथे परत वाढली त्यात या शिस्तीचा मोठा वाटा आहे.

आपल्याकडे टर्की पाळीवच, तीही बाहेरून आलेली. मूळची ती उत्तर अमेरिका आणि मेक्सिकोकडची. पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली. १६१२ साली मुकर्रब खान या मोगल सरदाराने गोव्याहून काही अपूर्व वस्तू आणि प्राणी जहांगीर बादशहाकडे नेले, त्यात टर्कीचा नर होता. बादशहाला तो इतका नवलाचा वाटला की दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने त्याचं चित्र काढलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. मानेवरच्या लाल-निळ्या गाठी एक एक करून रंगवल्या आहेत, जरूर बघा. आणि गंमत म्हणजे इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचं नाव दिलं, तर तुर्कस्तानात त्याला 'हिंदी' म्हणतात.

खायचीच असेल तर पाळलेली टर्की घ्या. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने 'कॅरी विराट' नावाची जात तयार केली आहे, शेतकरी ती पाळतात. पण तिला बाईंचे पन्नास मिनिटं लावू नका, गाळ होईल.

गंगापूर रोडकर

मंडळी, तीन दिवसांनी लिहितो आहे. काल रात्री, म्हणजे त्यांच्या दुपारी, मुलीकडे जेवण झालं. मी पूर्ण वेळ व्हिडिओ कॉलवर होतो. इकडे मध्यरात्र, बायको शेजारच्या खोलीत झोपलेली, आणि मी हळू आवाजात "आच कमी कर, आच कमी कर" म्हणतो आहे.

छर्रा एक सापडला. डाव्या तंगडीत, मांडीच्या वरच्या बाजूला. बाईंनी लिहिलं तसंच, आधी पिसाचा करडा तंतू दिसला. मुलीने कॅमेऱ्यासमोर चिमट्याने ओढला आणि आम्ही दोघंही काही क्षण गप्प झालो. तिने तेवढा भाग कापून टाकला. शेजाऱ्यांना विचारलं होतं, ते शिशाचेच छर्रे वापरतात. पुढच्या हंगामात बदलतो म्हणाले, लेकराकडे बघून.

तंगड्या पातेल्यात केल्या, पावणेचार तास लागले. काड्या काढायला नातीला शेजारी बसवलं होतं, ती प्रत्येक काडी पांढऱ्या बशीत ओळीने मांडत गेली. एका नळीच्या नऊ, दुसरीच्या आठ. शेजारी आले तेव्हा तिने आधी ती बशीच त्यांच्यापुढे नेली. त्यांनी चाळीस वर्षं शिकार केली आहे आणि तंगड्या बहुतेक वेळा टाकूनच दिल्या, असं त्यांनी स्वतः सांगितलं. या वेळी घेऊन ठेवल्या कारण मुलीने एकदा म्हटलं होतं की आमच्याकडे काही टाकत नाहीत.

देवळालीकर, तुमच्यासाठी मुद्दाम बघितलं. त्यांनी आधी अळणी प्यायलं, काळा मसाला अजिबात नसलेलं, आणि वाटी खाली ठेवून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग रस्सा घेतला. भाकरी मोडून बुडवायची कशी ते नातीने शिकवलं. कपाळावर घाम आला, पाणी मागितलं, पण दुसऱ्यांदा रस्सा त्यांनीच मागून घेतला. छातीचे काप चांगले झाले, फक्त पहिला घाणा मुलीने जास्त वेळ ठेवला, तो थोडा कोरडा झाला. दुसऱ्यापासून जमलं.

बाई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. मुलगी रात्री म्हणाली, "बाबा, आज घरात आजीच्या स्वयंपाकघराचा वास आहे." माझी आई जाऊन अकरा वर्षं झाली.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. छातीचा एक अख्खा तुकडा उरला आहे, तो फ्रीझरमध्ये किती दिवस ठेवता येईल? आणि शेजारी म्हणाले की पुढच्या वर्षी मित्रांच्याही तंगड्या गोळा करून आणतो, फक्त तो काळा मसाला हवा. जावयाचे आईवडील पुढच्या महिन्यात जात आहेत, त्यांच्याबरोबर पाठवायचा आहे, तो टिकेल असा कसा करायचा?

शाळेतल्या बाई

भाऊ, बशीतल्या काड्यांचं वाचून माझे डोळे भरले. नातीला माझा आशीर्वाद सांगा.

छातीचा तुकडा हवा राहणार नाही असा घट्ट गुंडाळून ठेवला तर वर्षभर खराब होत नाही, पण चव सहा महिन्यांच्या आतच. पाकिटावर तारीख घालावी. बाहेर काढताना आदल्या दिवशी खालच्या फ्रिजमध्ये ठेवून सावकाश वितळू द्यायचा, ओट्यावर उघडा ठेवायचा नाही.

मसाला पाठवताना खोबरं आणि कांदा घातलेला पाठवू नका, दोन महिन्यांत खवट होतो. धणे, मिरची, दगडफूल, तमालपत्र, लवंग, दालचिनी, नागकेशर, तीळ, खसखस असा कोरडा मसाला भाजून, कुटून, पूर्ण गार करून अर्ध्या-अर्ध्या किलोची पाकिटं करा. तीळ आणि खसखस कमीच घाला, त्यांनाही तेल असतं. हिंग चोळून वर तमालपत्राचं पान ठेवा. खोबरं तिकडे मिळतं, ते आयत्या वेळी भाजून घालतील. त्या गृहस्थांच्या अंगणात ग्रिल असेलच.